तोकडं मिनिट

हे घड्याळ शंभर मीटर खोल पाण्यातही चालतं, असं अण्णानं आम्हाला सांगितलं आणि तो जेवणाआधी हात धुवायला उठला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोरीकडे जाताना त्यानं ते घड्याळ मनगटावरून उतरवलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्या बायकोच्या हातात दिलं. "जपून धर गं, पाणी लागू देऊ नको," म्हणाला.

आमच्याकडे थोरल्या भावाला तोंडावर बोलत नाहीत, तो गेल्यावर बोलतात. त्या दिवशी तो गेल्यावर आम्ही नवरा-बायको तासभर बोललो.

अण्णा तीस वर्षं आखातात होता. निवृत्त होऊन आला, शहरात अनगोळला घर बांधलं, आणि स्वतःच्या निवृत्तीची भेट म्हणून हे क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घेऊन आला. घड्याळाचं नाव मी इथं लिहीत नाही. किंमतही लिहीत नाही. ती त्यानं मला कानात सांगितली होती आणि ऐकून मी होतो तिथंच बाकावर बसलो होतो, एवढं पुरे. आम्ही बाकीचे मात्र कंग्राळीतच राहिलो. आम्ही म्हणजे आमचे वडील आप्पा, मी, बायको आणि दोन म्हशी. शेती आहे, आणि शिवाय मी रोज उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला जातो. तिथं मी क्वालिटीला आहे. लेथवरून आलेला माल मापायचा, मापात बसला तर पास, केसाएवढा जरी इकडंतिकडं झाला तरी रिजेक्ट. माझ्या या कामामुळे कारखान्यात मला कुणी चहाला बोलवत नाही.

दर रविवारी अण्णा कंग्राळीला यायचा आणि नाश्त्याबरोबर आम्हाला त्या घड्याळाचा इतिहास ऐकवायचा. पहिलं मॉडेल हातानं चावी द्यायचं होतं. मग हात हलला की आपोआप चावी भरणारं आलं. काच आधी प्लास्टिकची होती, मग सफायरची झाली, जिच्यावर खिळ्यानं ओढलं तरी रेघ उठत नाही. डायलमधली तीन छोटी वर्तुळं आधी साधी होती, नंतर त्यांना काळी कड आली. बाहेरचं कडं स्टीलचं होतं ते सिरॅमिकचं झालं. आणि यंदा तर म्हणे कड्यावरचे आकडे किंचित बारीक केले होते. हे सांगताना अण्णाचा आवाज खाली यायचा, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

"किंचित म्हणजे किती रं?" आप्पांनी एकदा विचारलं.

"डोळ्यांना दिसत न्हाय, आप्पा. पर जाणकाराला कळतंय."

आप्पांनी मान हलवली. पन्नास-साठ वर्षांत एका कंपनीनं एवढे कष्ट करून डोळ्यांना न दिसणारा बदल केला, याचं त्यांना खरंच कौतुक वाटलं असावं. मला मात्र कारखान्यातला रिजेक्टचा ढीग आठवला. तिथले बदलही डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यासाठी मी माणसांना ओव्हरटाइम करायला लावतो.

त्या कड्यावरच्या आकड्यांवरून वेग मोजता येतो. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले ते बघायचं आणि काट्यासमोरचा आकडा वाचायचा, ताशी इतके किलोमीटर. मी चष्मा लावून बघितलं तर आकडे साठच्या खाली जातच नव्हते. आमच्या कंग्राळीच्या रस्त्यानं साठ गाठायचे तर रस्ता आधी पाहिजे. मी तसं म्हणालो, तर अण्णानं घड्याळाच्या टिकाऊपणाचा विषय काढला. उंचावरून पडलं तरी चालतं, वाळवंटात चालतं, बर्फात चालतं.

"हे पिढ्यान्‌पिढ्या टिकतंय, आप्पा. माझ्या नातवाच्या नातवाला पुरंल."

"मग तू कवा वापरणार?" आप्पा म्हणाले.

आप्पांकडेही एक घड्याळ होतं. तेही काटा चालवायचं, थांबवायचं आणि शून्यावर आणायचं, म्हणजे काम तेच. त्यांनी ते तरुणपणी निपाणीच्या बाजारात एका घड्याळवाल्याकडून घेतलेलं. हातात मावेल एवढं गोल स्टॉपवॉच, वर एकच बटण. त्याच्या डिझाइनमध्येही काळाप्रमाणे बदल झाले होते, फक्त त्यांची चकचकीत पुस्तिका कुणी छापली नाही. काच बैलाचं शिंग लागून फुटली, तेव्हा आप्पांनी मिठाच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातून नवी कापून बसवली. वरची चकाकी जाऊन आतलं पितळ दिसायला लागलं. गळ्यात अडकवायची दोरी झिजली, तिच्या जागी बैलाच्या साजातला लाल गोंड्याचा गोफ आला. टिकाऊपणाचं म्हणाल तर ते एकदा पेंडीच्या बुट्टीत पडलं आणि म्हशीनं ते तोंडात घेतलं. थोडा वेळ चघळून तिनं नापसंत केलं आणि सोडून दिलं. आप्पांनी धुतलं, कानाला लावलं, चालत होतं.

हे घड्याळ कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्याकडे सुगी आटोपली की बैलजोड्यांची शर्यत असते. दोन गाड्या एकमेकींशी पळत नाहीत. एका वेळी एकच जोडी रिकामी गाडी घेऊन पळते, बरोबर एक मिनिट. निशाण पडलं की सुटायचं, मिनिट संपलं की शिट्टी. पंच मंडळी पळायच्या पट्टीच्या कडेनं थोड्या थोड्या अंतरावर उभी असतात. शिट्टीच्या वेळी चाक जिथं असेल तिथं जवळचा पंच चुन्याची फक्की टाकतो, मग टेप लावून फूट मोजायचे. ज्याचे फूट जास्त, तो पहिला. देवळाच्या भिंतीवर दर वर्षीच्या पहिल्या जोडीचे फूट ऑइलपेंटनं लिहिलेले आहेत.

तेव्हा सगळी शर्यत त्या एका मिनिटावर, आणि ते मिनिट चाळीस वर्षं आप्पांचं. बैलांच्या वयावरून भांडणं झाली, टेप ढिला धरला म्हणून झाली, चुना पुढं टाकला म्हणून तर एकदा पंचालाच मसुरीच्या शेतातून पळवलं. पण मिनिटावरून कधी कुणी चकार शब्द काढला नाही. आप्पांची शिट्टी वाजली की मिनिट संपलं. मोबाईल आल्यावर काही जण त्यावर वेळ लावायला बघत होते, पण एका वर्षी पंचाच्या हातातल्या मोबाईलवर ऐन मिनिटात त्याच्या सासऱ्यांचा फोन आला आणि तेव्हापासून मोबाईलला बंदी झाली.

आता माझी गोष्ट. बारा-एक वर्षांपूर्वी त्या स्टॉपवॉचचं बटण झिजून गेलं. मी म्हटलं, आप्पा, द्या माझ्याकडं, लेथवर नवीन करून आणतो. कारखान्यात नेलं, पितळेचं झकास बटण करून बसवलं, आणि सवयीनं आमच्या इलेक्ट्रॉनिक टायमरशेजारी ठेवून तपासलं. स्टॉपवॉचचा काटा फिरून साठवर आला तेव्हा टायमरवर त्रेसष्ट होते. पुन्हा लावलं. त्रेसष्ट. दहा वेळा लावलं, दहाही वेळा त्रेसष्ट. आप्पांचं मिनिट तीन सेकंद लांब होतं.

आमच्याकडे तपासलेल्या प्रत्येक मापयंत्रावर कागद चिकटवतात. बरोबर असेल तर हिरवा, चुकीचं असेल तर लाल. मी लाल कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग त्या स्टॉपवॉचच्या पाठीवर हिरवा चिकटवला. आयुष्यात मी चुकीच्या यंत्राला हिरवा कागद लावला तो तेवढाच. मनाला समजावलं की सगळ्यांना मोजायला तेच घड्याळ आहे, मग कुणाचं काय बिघडलं? घरी नेल्यावर आप्पांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. तो कागद काय आहे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंपनीत तपासलं, एकदम ओके. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, मग "बरं हाय की," म्हणाले. त्यांना आनंद झाला असं मी धरून चाललो.

आणि मग अण्णा आला, त्याचं घड्याळ आलं. यंदाच्या शर्यतीआधी पंचांचे अध्यक्ष आमच्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आप्पा, तुमचं वय झालं. उन्हात बसाय नगो. औंदा अण्णांच्या घड्याळावर लावू म्हणतोय आमी. परदेशी हाय. जरा शर्यतीचं नावबी हुईल."

"बरं हाय की," आप्पा म्हणाले.

तेवढंच म्हणाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी स्टॉपवॉच काढून फडक्यानं पुसलं, चावी दिली, आणि काही मोजायचं नसताना ते हातात धरून ओट्यावर बसून राहिले. गावानं आप्पांना सरपंच केलं नाही, सोसायटीत घेतलं नाही, कुठल्या व्यासपीठावर खुर्ची दिली नाही. एक मिनिट तेवढं दिलं होतं. ते काढून घेताना एक कप चहा लागला. मला अध्यक्षांचा राग आला, पण त्याहून जास्त अण्णाचा आला, कारण त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं आणि त्याच्या ते डोक्यातही आलं नाही. आणखी एक सांगतो, सांगायला बरं वाटत नाही. मला अण्णाचा हेवाही वाटत होता. तीस वर्षं म्हशींचं शेण मी काढलं आणि बॅनर त्याचा लागला.

बॅनर खरोखरच लागला. वेशीवर, विजेच्या खांबाला बांधून. अण्णाचा भला मोठा फोटो, हात हनुवटीखाली असा ठेवलेला की चेहऱ्याआधी मनगट दिसावं. खाली लिहिलेलं, 'स्विस क्रोनोग्राफवर अचूक वेळनोंद'. बैल कोपऱ्यात होते, छोटे.

शर्यतीच्या दिवशी आप्पा आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसला, डावी बाही दोन घड्या वर. शेजारी मी, पाण्याची बाटली धरून. पहिली जोडी उभी राहिली. निशाण पडलं. अण्णानं बटण दाबलं.

दबलं नाही.

इथं मला त्या घड्याळातल्या आणखी एका सुधारणेबद्दल सांगावं लागेल. जुन्या मॉडेलची बटणं साधी होती, दाबली की दबायची. पुढं कंपनीनं शोध लावला की त्या फटीतून पाणी आत जाऊ शकतं. म्हणून बटणांना आटे केले. आधी उलटं फिरवून सैल करायची, मगच दाबायची. हे सगळं अण्णानं आम्हाला रविवारी तीन वेळा समजावून सांगितलेलं होतं. आणि त्याच सकाळी धूळ जायला नको म्हणून त्यानं दोन्ही बटणं करकचून आवळून ठेवली होती.

तो दाबत राहिला. अंगठ्यानं दाबलं, दोन अंगठ्यांनी दाबलं. गाडी निम्मी पट्टी गेली. "आटे, अण्णा, आटे!" मी ओरडलो. त्यानं घाईघाईनं फिरवलं ते नेमकं चुकीच्या बाजूला, बटण आणखी आवळलं. गाडी शेवटच्या पंचाला ओलांडून गेली. पंच हातात चुना घेऊन शिट्टीची वाट बघत उभे. गाडीवान मागं वळून ओरडत होता, "शिट्टी मारा की वो!" पट्टी संपली, बांध आला, बांध संपला, आणि जोडी गाडीसकट कुणाच्या तरी उभ्या मसुरीत शिरली. खोल समुद्रासाठी केलेली सोय आमच्या कोरड्या रानात अशी उपयोगी पडली.

त्या जोडीला शेवटी पुन्हा पळवायचं ठरलं. अण्णानं बटणं सैल केली, घाम पुसला, आणि पुढच्या जोड्या व्यवस्थित सुटल्या. घड्याळ आता उत्तम चाललं होतं आणि खरी भानगड तिथूनच सुरू झाली.

गेल्या वर्षीची पहिली जोडी पळाली. टेप लागला. अकराशे पासष्ट फूट. जोडीचा मालक टेपकडे बघतच राहिला. गेल्या वर्षी याच जोडीनं बाराशे चोवीस केले होते. पुढची जोडी, तीही साठेक फूट कमी. त्याच्या पुढची, तीही. जो तो आपल्या बैलांच्या पायांकडे बघायला लागला, कुणी खूर तपासले, कुणी चाकात वंगण घातलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या वेगानं तीन सेकंदात बरोबर तेवढेच फूट जातात. माझ्या हातातली बाटली गरम झाली होती.

"बैलं तीच, गाडी तीच, रान तेच," गेल्या वर्षीचा मालक अण्णासमोर येऊन उभा राहिला. "मग माजं साठ फूट गेलं कुठं?"

"त्याला मी काय करू?" अण्णा म्हणाला. "बैलं पळाली न्हाईत."

हे बोलायला नको होतं. आमच्याकडे माणसाला पळपुटा म्हटलं तर एक वेळ चालेल, बैलाला नाही. गर्दी जवळ आली. अध्यक्षांनी घड्याळाकडे निरखून बघितलं, जणू आत मिनिट कुठं ठेवलंय ते शोधत होते, आणि निकाल दिला, "अण्णा, तुमच्या घड्याळाचं मिनिट तोकडं हाय."

"परदेशी मिनिट हाय ते," मागून कुणी तरी म्हणालं. "तिकडं सगळंच घाईत असतंय."

"आमचं साठ फूट तिकडं गेलं म्हणा की," दुसरा म्हणाला. "आता त्यासाठी बी कोर्टात जायाचं काय?"

सगळे हसले. सीमाभागातली आमची गावं कुठल्या राज्यात, हा खटला वर्षानुवर्षं कोर्टात आहे, त्यामुळे इथं या विनोदाला कधीही हसतात. अण्णा हसला नाही. तो उठून आपल्या मोटारीकडे गेला आणि घड्याळाचं सर्टिफिकेट घेऊन आला, त्यावर सोनेरी शिक्का होता. ते सगळ्यांनी हातोहात बघितलं आणि इंग्रजीत असल्यामुळे आदरानं परत केलं. मग अण्णा चिडून म्हणाला, "असं करा, आप्पांस्नी घेऊन या. त्यांचं घड्याळ आन् माझं घड्याळ एकदम दाबू. सगळ्यांसमोर. कुणाचं मिनिट तोकडं हाय ते दिसंल."

आप्पांना आणायला मोटारसायकल गेलीसुद्धा. मी अण्णाला बाजूला घेऊन "जाऊ दे ना" म्हणालो, तर त्यानं माझा हात झटकला.

आप्पा आले. मोटारसायकलवरून उतरताना त्यांच्या मुठीत स्टॉपवॉच होतं, लाल गोंडा बाहेर लोंबत होता. गर्दीनं वाट करून दिली. अध्यक्षांनी काय झालं ते सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, अण्णाकडे बघितलं, मग घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं.

त्यांच्या आधी मी बोललो.

"एकदम दाबायची काय गरज हाय?" मी म्हणालो. मोठ्यानं, कारखान्यात बोलतो तसं. "आप्पांचं घड्याळ मी स्वतः तपासलंय. कंपनीच्या मशीनवर. हे बघा." आणि आप्पांच्या हातातून ते घेऊन उलटं केलं आणि हिरवा कागद सगळ्यांना दाखवला. "माझं सगळं आयुष्य मापण्यात गेलंय. हे सेकंदाला बरोबर हाय. अण्णाच्या घड्याळात काय तरी बिघाड हाय."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं खिशातून मोबाईल काढला होता. त्यानं मोबाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोबाईल परत खिशात घातला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनेरी शिक्क्यापुढे आमचा हिरवा कागद जिंकला. अण्णानं घड्याळ काढून खिशात टाकलं, रुमालात न गुंडाळता. तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी माझी चूक त्याच्यावर ढकलली की तो जसा बघायचा, तसाच.

लोकांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं. पण त्यांनी स्टॉपवॉच अध्यक्षांच्या हातात दिलं. "मला दिसत न्हाय आज. तुमीच लावा," म्हणाले. सगळ्या जोड्या पुन्हा पळाल्या, सगळ्यांचे साठ फूट परत आले, हलगी वाजली, गुलाल उडाला. गेल्या वर्षीच्या जोडीनं पुन्हा पहिला नंबर काढला. आप्पा गुलाल न लावून घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा काढून आलो तर आप्पा धोतर-टोपी घालून तयार. "अण्णाकडं सोड मला," म्हणाले. अनगोळला अण्णानं दार उघडलं, मला बघून तसाच मागं फिरला. मनगट रिकामं होतं.

"तुझं घड्याळ आण रं," आप्पा त्याला म्हणाले. त्यानं आणलं. आप्पांनी आपलं स्टॉपवॉच टेबलावर त्याच्या शेजारी ठेवलं. मग मला म्हणाले, "बस हितं. तू क्वालिटीला हाईस न्हवं? आमी दोघं दाबतो. तू वाच."

बाप-लेकांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. अण्णानं या वेळी आटे आधी सैल केले होते. तिघंही काट्यांकडे बघत बसलो. ते मिनिट फार मोठं होतं. अण्णाचा काटा फिरून वर आला तशी दोघांनी दोन्ही घड्याळं एकदम थांबवली.

"अण्णाचं किती?" आप्पांनी विचारलं.

"साठ," मी म्हणालो.

"माजं?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"हाय ते वाच."

"सत्तावन."

अण्णानं चमकून आप्पांकडे बघितलं. आप्पा शांत होते. "घेतानाच निपाणीवाल्यानं सांगितलं हुतं, हळू चालतंय म्हणून," ते अण्णाला म्हणाले. "दुरुस्त करून देतो म्हणाला पुढच्या साली. पर पहिल्या सालाचं फूट भिंतीवर लिवून झालं हुतं. मिनिट बदललं असतं तर त्या जोडीवर नायतर पुढच्या जोडीवर अन्याय झाला असता. म्हणलं, हळू तर हळू, सगळ्यांस्नी सारखंच. काल मी तेच सांगायला आलतो. तुझं घड्याळ बरोबर हाय, माजं हळू हाय, लोकांनी काय ते ठरवावं. सांगायच्या आधी ह्यानं कागद दाखवला. मग मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या गावात ह्यो खोटा पडला असता."

"आप्पा, राहू द्या की," अण्णा म्हणाला. त्याचा सगळा राग उतरला होता आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"मी तुमच्यासाठी बोललो, आप्पा," मी म्हणालो. "तुमचं मिनिट जाऊ नये म्हणून."

"व्हय. कळलं की." त्यांनी स्टॉपवॉच उचललं, उलटं केलं. "तू हे तपासून आणलंस, हिरवा कागद लावून, एकदम ओके म्हणालास. तवापासनं मला वाटायचं, पोराचं काम कच्चं हाय. एवढं तीन सेकंद ह्याला मशीनवर सुदिक कळलं न्हाय. कंपनीत कुणाच्या ध्यानात आलं तर नोकरी जाईल, म्हणून मी कुणाला बोललो न्हाय. बारा वर्सं काळजी केली तुझी."

अण्णाच्या बायकोनं चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही.

"काल दोन्ही एकदम दाबायच्या आधी तू मधी आलास," आप्पा म्हणाले, "तवा कळलं. काम पक्कं हाय तुझं."

मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं तो हिरवा कागद खरवडायला सुरुवात केली. आमचे कागद चांगले चिकटतात, तेल लागलं तरी निघत नाहीत. तुकड्या-तुकड्यानं निघत होता. मी हात पुढं केला, काढून देतो म्हणालो, पण त्यांनी दिलं नाही. सगळा निघेपर्यंत ते खरवडत राहिले, मग टेबलावरचे हिरवे कपटे गोळा करून बशीत टाकले आणि मला म्हणाले, "चल, अध्यक्षांच्या घरी सोड मला."